डोळ्यात उसाचं पातं लागलं तर: पहिल्या तासापासून तिसऱ्या महिन्यापर्यंत

तात्यांनी कापडी पिशवी टेबलावर उलटी केली आणि तिच्यातून सात बाटल्या घरंगळल्या. दोन एकाच औषधाच्या, फक्त कंपन्या वेगळ्या. एक भावजयीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेली. एकीचं लेबल घामाने पुसून गेलेलं. उजवं बुबुळ मधोमध दुधाळ झालं होतं. उसाचं पातं लागून अठरा दिवस झाले होते आणि या अठरा दिवसांत बुबुळावरचा कणभर नमुना काढून काचपट्टीवर कोणी पाहिलेला नव्हता.

मी डोळ्यांची डॉक्टर आहे, ऊसपट्ट्यात काम करते. तात्या हे त्यांचं खरं नाव नाही, ओळख पटू नये म्हणून इतरही काही तपशील बदलले आहेत. ऊसतोडीच्या हंगामात अशी पिशवी घेऊन येणारी माणसं मला दर वर्षी भेटतात. हा लेख त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. मेडिकलच्या काउंटरवर बसणाऱ्याने आणि नुकतंच शिकून बाहेर पडलेल्या डॉक्टरनेही वाचला तर बरंच.

आधी एवढं समजून घ्या

बुबुळावरचं पारदर्शक पटल, ज्याला आम्ही कॉर्निया म्हणतो, मधोमध अर्ध्या मिलिमीटरपेक्षा किंचितच जाड असतं. वरचा पातळ थर शाबूत असेपर्यंत बहुतेक जंतूंना आत शिरायला वाव मिळत नाही. उसाच्या पात्याची कड बारीक करवतीसारखी असते. ती लागली की हा थर खरवडला जातो आणि पात्यावरची बुरशी त्याच फटीतून आत जाते. भाताची लोंबी, तुरीचं धसकट, मळणीत उडालेलं कुसळ, बैलाची शेपटी, सगळ्यांचं गणित हेच.

मदुराईत १९९४ च्या पहिल्या तीन महिन्यांत बुबुळावर जखम, म्हणजे अल्सर, झालेल्या ४३४ रुग्णांचा अभ्यास झाला. त्यांतल्या जवळपास दोन तृतीयांश लोकांना आधी डोळ्याला काहीतरी लागलेलं होतं. जंतू सापडले त्यांत बुरशी आणि जिवाणू यांचा वाटा साधारण सारखाच होता. म्हणजे नुसता अंदाज बांधून औषध द्यायचं ठरवलं तर छापा-काटाच. जिवाणूंचं औषध बुरशीला लागत नाही आणि बुरशीचं जिवाणूंना. पुढचं सगळं या एका अडचणीभोवती फिरतं.

पहिला तास: पाणी, पण कुठलं?

लागलं की हात आपोआप डोळा चोळायला जातो. तो हात धरा. चोळल्याने ओरखडा वाढतो आणि कुसळ अडकलेलं असेल तर ते आणखी रुततं.

माणसाला आडवं करा, मान दुखऱ्या डोळ्याच्या बाजूला कलती करा आणि नाकाकडून कानाकडे स्वच्छ पाण्याची सावकाश धार सोडा. चार-पाच मिनिटं पुरतात. पाणी उकळून गार केलेलं किंवा सीलबंद बाटलीतलं. पाटाचं, शेततळ्याचं, विहिरीचं किंवा मोटारीच्या पाइपचं नको. तात्यांनी डोळा शेततळ्याच्या पाण्याने धुतला होता, चांगला दोन-तीनदा, अगदी मनापासून. ते किती महागात पडलं ते पुढे येईल.

याला एकच अपवाद. चुना, फवारणीचं औषध किंवा खताचं पाणी डोळ्यात उडालं असेल तर हाताशी असेल ते पाणी त्याच क्षणी घ्या आणि अर्धा तास धुवत राहा. तिथे एकेक मिनिट जंतूंच्या भीतीपेक्षा मोलाचं असतं.

कोयत्याचं टोक किंवा तार डोळ्यात घुसली असेल तर मात्र धुवायचंही नाही आणि दाबायचंही नाही. कागदी कपाचा तळ कापून तो डोळ्यावर पालथा ठेवा, चिकटपट्टीने कपाळ-गालाला चिकटवा आणि सरळ मोठ्या रुग्णालयात निघा. रुतलेलं काहीही घरी उपटू नका.

मध, तूप, बाळंतिणीचं दूध यातलं काही घालू नका. काही गावांत जिभेने डोळ्यातला कचरा काढणारी एखादी बाई असते. ती कोणाला फसवत नसते, तिच्या सासूनेही तेच केलेलं असतं. पण तोंडातले जंतू थेट उघड्या जखमेवर जातात. डोळ्यावर कापसाची पट्टी बांधू नका, तिच्याखालची ऊब आणि ओल जंतूंना मानवते. उजेड सहन होत नसेल तर साधा गॉगल लावा.

पहिला दिवस मोडायचा नाही

"उद्या बघू, आज गाडी भरायची आहे," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता रागही येत नाही. मुकादमाची उचल घेतलेला माणूस फड सोडून कसा येईल, हेही कळतं. तरी पहिला दिवस का महत्त्वाचा, ते सांगते.

नेपाळमधल्या भक्तपूरला गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी डोळा खरचटलेल्या लोकांना क्लोरॅम्फेनिकॉलचं १ टक्क्याचं मलम दिवसातून तीनदा, तीन दिवस लावलं. २००१ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. ४४२ जणांपैकी ४२४ जणांचा ओरखडा जंतुसंसर्ग न होता भरला. लागल्यापासून १८ तासांच्या आत आलेल्यांपैकी एकालाही अल्सर झाला नाही.

हे वाचून गावोगाव मलम वाटावंसं वाटतं. मलाही वाटलं होतं. पण त्याच देशात पुढे गावं वाटून मोठी चाचणी घेतली गेली, तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले, आणि कार्यकर्ते नेमलेल्या गावांत अल्सर कमी झाल्याचं दिसलं नाही. मी यातून घेतलं ते असं: मलम स्वस्त आहे, पण त्यावर विसंबता येत नाही. लवकर दाखवायला येणं हा भाग पक्का. ओरखडा ताजा असतानाच डॉक्टरने पाहिला, मलम दिलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिला, तर बहुतेकांचं काम तिथेच संपतं.

मेडिकलच्या काउंटरवर

तात्यांच्या सातपैकी तीन बाटल्यांत स्टेरॉइड होतं. मागणारा म्हणतो "डोळा लाल झालाय, थेंब द्या", देणारा देतो. दोन दिवसांत लाली उतरते, ठणका कमी होतो आणि माणूस त्या दुकानदाराला दुवा देतो. खाली बुरशी मात्र मोकाट वाढत असते, कारण तिला अडवणारी शरीराची फौज स्टेरॉइडने झोपवलेली असते.

बाटली घेताना बारीक अक्षरातलं घटकद्रव्य वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेड्निसोलोन, लोटेप्रेड्नॉल, फ्लुओरोमेथोलोन, डायफ्लुप्रेडनेट, यातलं काहीही असलं तर पातं लागलेल्या डोळ्यात ती बाटली आपणहून घालायची नाही. अँटिबायोटिकसोबत स्टेरॉइड एकत्र असलेल्या औषधांच्या नावामागे बऱ्याचदा 'डी' लावलेला असतो, त्याकडेही लक्ष ठेवा.

"पण डॉक्टरही कधी कधी स्टेरॉइड देतात ना?" देतात. त्याचीही रीतसर परीक्षा झालेली आहे. कल्चरमध्ये, म्हणजे नमुना लॅबमध्ये वाढवून पाहिल्यावर, जिवाणू सापडलेल्या ५०० रुग्णांना आधी दोन दिवस अँटिबायोटिक दिलं, मग निम्म्यांना सोबत स्टेरॉइड आणि निम्म्यांना दिसायला तसेच पण औषध नसलेले थेंब. २०१२ मध्ये निकाल लागला: तीन महिन्यांनंतरच्या नजरेत एकंदरीत फरक नाही. नोकार्डिया नावाच्या जिवाणूच्या रुग्णांत तर स्टेरॉइडने डाग मोठा राहिला. एवढी काळजी घेऊन, जंतू माहीत असताना दिलेल्या स्टेरॉइडची ही कथा. काउंटरवरच्या अंदाजाचं काय बोलावं.

डॉक्टरकडे जाताना आणि गेल्यावर

पिशवी बरोबर न्या, रिकाम्या बाटल्यांसकट. कागदावर चार गोष्टी लिहून ठेवा: कशाने लागलं, कधी लागलं, कशाने धुतलं, काय काय घातलं. मधुमेह असेल तर ताजी साखर. लेन्स लावत असाल तर ती डबीसकट न्या, फेकू नका, तिच्यावरूनही जंतू सापडतो.

तपासणीत डॉक्टर नारिंगी रंगाची पट्टी पापणीला टेकवतात आणि निळा उजेड टाकतात. जिथे वरचा थर गेलाय तिथे हिरवं चमकतं. मग स्लिट लॅम्प या डोळे तपासायच्या यंत्राच्या उजेडाची फट उभी-आडवी लावून डाग किती मिलिमीटर ते मोजतात. हा आकडा तुमच्या कागदावर लिहिला आहे ना, ते पाहा. नसेल तर विचारा. पुढच्या खेपेला "बरं वाटतंय का?" या प्रश्नापेक्षा ३.५ चे ३ झाले की ४ झाले, हे जास्त खरं सांगतं.

आता मुद्द्याची गोष्ट. बुरशीच्या अल्सरच्या कडा पिसासारख्या असतात, पृष्ठभाग कोरडा आणि उंचवटलेला, आजूबाजूला छोटे डाग, आणि दुखणं दिसण्याच्या मानाने कमी. जिवाणूचा अल्सर ओला, चिकट आणि झपाट्याने वाढणारा. पुस्तकात असं असतं. प्रत्यक्षात १५ कॉर्नियातज्ज्ञांना ८० रुग्णांचे फोटो दाखवून बुरशी की जिवाणू असं विचारलं, तेव्हा बरोबर उत्तरं ६६ टक्के निघाली. ही माणसं आयुष्यभर हेच पाहणारी होती. म्हणून कोणी नुसतं पाहून "ही बुरशीच" म्हणालं, मीसुद्धा, तर शांतपणे विचारा: "डॉक्टर, नमुना घेणार का?"

नमुना: दहा मिनिटांचं काम

हे ऐकून लोक घाबरतात, म्हणून जवळून दाखवते. बधिर करणारा थेंब घालतात, अर्ध्या मिनिटात डोळा बधिर होतो. तुम्ही स्लिट लॅम्पला हनुवटी टेकवून बसायचं आणि समोर एका जागी पाहायचं. १५ नंबरच्या पात्याने किंवा बोथट चमच्यासारख्या सळईने डाग खरवडतात, विशेषतः त्याच्या कडेला, कारण जिवंत जंतू तिथे जास्त असतात. इंजेक्शन नाही, टाका नाही. नंतर तासाभराने चुरचुरतं.

खरवडलेला कण तिळाहूनही लहान असतो आणि तो वाटून वापरावा लागतो. एका काचपट्टीवर १० टक्क्यांचं पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकतात. त्यात पेशी विरघळतात आणि बुरशीचे तंतू तेवढे उरतात. मायक्रोस्कोपखाली करड्या चिखलात कोणी काचेचे दोरे टाकलेत असं दिसतं. याचं उत्तर तुम्ही बाकड्यावर बसलेले असतानाच मिळतं. दुसऱ्या पट्टीवर 'ग्राम स्टेन' नावाचा रंग, जिवाणूंसाठी. उरलेला कण कल्चरच्या बशांवर इंग्रजी 'सी' अक्षराच्या आकारात ओढतात. म्हणजे नंतर त्या 'सी'वर उगवलं ते डोळ्यातलं, बाहेर उगवलं ते हवेतलं. जिवाणू दोन दिवसांत उगवतात, बुरशीला आठवडा किंवा जास्त.

खर्च फार नसतो, तालुक्याला साधा मायक्रोस्कोप असलेल्या कोणालाही पहिली काचपट्टी पाहता येते. ती सोय नसेल तर वैद्यकीय महाविद्यालयाच्या नेत्र विभागात जा. "आधी आठवडाभर औषध घालून बघू, नाही फरक पडला तर नमुना" हा क्रम उलटा आहे. औषध घातल्यावर जंतू अर्धमेले होतात, काचपट्टीवर नीट सापडत नाहीत, आणि मग खरंच अंदाजाने चालावं लागतं.

बुरशी निघाली: थेंबांची पाळी

नॅटामायसिन ५ टक्के. जुनं, स्वस्त औषध. मध्यंतरी व्होरिकोनॅझोल हे नवं आणि महाग औषध आलं, ते आत जास्त मुरतं म्हणून आम्हा सगळ्यांना तेच भारी वाटायचं. मदुराईच्या अरविंद रुग्णालयाने अमेरिकेतल्या संशोधकांबरोबर दोघांची समोरासमोर चाचणी घेतली. ३६८ रुग्ण घ्यायचे ठरलं होतं, ३२३ वर थांबावं लागलं, कारण व्होरिकोनॅझोलच्या गटात बुबुळ फुटण्याचं प्रमाण जास्त निघालं. २०१३ मध्ये निकाल छापला: नॅटामायसिन सरस. शेतातल्या दुखापतींत नेहमी सापडणाऱ्या फ्युजेरियम या बुरशीत तर तीन महिन्यांनंतर नजर तपासायच्या तक्त्यावरच्या चार ओळींचा फरक. पुढे भारत आणि नेपाळमध्ये २४० गंभीर रुग्णांना पोटातूनही व्होरिकोनॅझोल देऊन पाहिलं, २०१६ मध्ये आलेल्या निष्कर्षात बुबुळ फुटणं त्याने कमी झालं नाही. गोळ्या महाग, त्यांचे त्रास वेगळे. नातेवाईक "भारीतलं द्या" म्हणतात तेव्हा मी ही गोष्ट सांगते.

त्या चाचणीत थेंब जागेपणी दर तासाला, आठवडाभर होते, मग तीन आठवडे पूर्ण होईपर्यंत दर दोन तासांनी. तुमचं वेळापत्रक तुमचा डॉक्टर ठरवेल, पण साधारण एवढ्या मेहनतीची तयारी ठेवा. घरात हे कसं जमवायचं:

बाटली प्रत्येक वेळी जोरात हलवा. औषध तळाशी बसतं, न हलवता घातलं तर वरचं पाणीच डोळ्यात जातं. हे सांगायचं राहून गेल्यामुळे पंधरा दिवस पाणी घालत बसलेला रुग्ण मी पाहिलाय. मोबाइलवर तासाचा गजर लावा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या त्या चौकटीत प्रत्येक थेंबाची रेघ ओढा. दोन वेगळ्या औषधांत पाच मिनिटं सोडा. बाटलीचं टोक पापणीला लावू नका. नॅटामायसिनचा पांढरा थर जखमेवर आणि पापण्यांवर साचतो, त्याला पू समजून घाबरू नका आणि खरवडू नका. डॉक्टर दर खेपेला वरचा मेलेला थर काढतील, त्याने औषध आत जातं. बाहुली मोठी करणारे थेंब दिले असतील तर अंधूक दिसेल, पण ठणका त्यानेच कमी होतो. दुसऱ्या डोळ्यात हे काही घालायचं नाही.

रोज सकाळी त्याच खिडकीपाशी, त्याच अंतरावरून डोळ्याचा एक फोटो काढून ठेवा. खेप लांबली तर तोच फोटो मला दहा वाक्यांपेक्षा जास्त सांगतो.

औषध लागूच पडत नाही तेव्हा

तात्यांची काचपट्टी मी पाहिली तेव्हा तंतू होते. स्टेरॉइड बंद केलं, नॅटामायसिन सुरू केलं. तात्यांच्या सुनेने कॅलेंडरवर रेघांची रांगोळी काढली होती, एकही पाळी चुकली नव्हती. सहाव्या दिवशी डाग ४ वरून ५.५ मिलिमीटरवर गेला. मधल्या डागातून बुबुळाच्या कडेकडे सोंडेसारख्या बारीक रेघा निघालेल्या. आजूबाजूला टाचणीने टोचल्यासारखे ठिपके.

अशा वेळी औषध वाढवायचा मोह होतो. त्याऐवजी पहिल्या निदानावर संशय घ्यायचा आणि नमुना पुन्हा काढायचा. दुसऱ्या काचपट्टीवर मी तंतू सावकाश पाहिले: रुंद, आडवे पडदे जवळजवळ नसलेले, जागोजागी फितीसारखे दुमडलेले. आयोडीन आणि सल्फ्युरिक आम्लाचा रंग दिल्यावर ते निळे-काळे झाले. बुरशीच्या भिंतीत सेल्युलोज नसतं, म्हणून ती अशी निळी होत नाही. हा पिथियम होता, पूर्ण नाव पिथियम इन्सिडिओसम.

पिथियम बुरशीसारखा दिसतो, पण बुरशी नाही. त्याचं कूळ पाण्यातलं. नॅटामायसिन बुरशीच्या आवरणातल्या एर्गोस्टेरॉल नावाच्या द्रव्याला धरतं, आणि पिथियमच्या आवरणात ते नसतंच. कुलूप नसलेल्या दाराला किल्ली लावण्यासारखं. मी तात्यांना हे समजावत होते तर ते मधेच म्हणाले, "म्हंजे आल्याला कंदकुज येती, त्यातला पिथियम?" त्याचाच भाऊ. मग मला काही समजवावं लागलं नाही. द्राक्षावरची भुरी आणि डाऊनी दोन्ही पानावरच येतात, पण दोघींची फवारणी वेगळी, हे आमच्या भागात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. भुरी ही खरी बुरशी, डाऊनी आणि पिथियम एका गोत्रातले. तात्या सुनेकडे वळून म्हणाले, "भुरीचं औषध डाऊनीवर मारत हुतो बघ."

खात्री करायची लॅबमधली रीतही शेतकऱ्याला आवडेल अशी आहे. उकळलेली गवताची पात कल्चरमधल्या जंतूबरोबर पाण्यात तरंगत ठेवतात. काही तासांत पातीवर फुगे धरतात आणि त्यातून शेपटीचे बीजाणू पोहत बाहेर येतात. खरी बुरशी असं पोहत नाही. आणि शेततळ्याच्या पाण्याने धुतलेल्या डोळ्यात तो कसा आला असेल, हेही या पातीकडे पाहून कळतं.

पिथियमवर जिवाणूंसाठीची औषधं, लिनेझोलिड आणि ॲझिथ्रोमायसिन, उपयोगी पडतात असे अनुभव हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतून २०१८ च्या सुमारास छापून आले. त्याआधी थेट बुबुळ बदलण्याकडेच कल होता. आजही अनेकांना शस्त्रक्रिया लागतेच.

पिथियम एकटाच वेश बदलून येत नाही. अकँथअमीबा हा पाण्यातलाच एकपेशीय जीव. दुखणं डागाच्या मानाने प्रचंड, कधी कधी डागाभोवती कडं. पाश्चात्त्य देशांत तो बहुतेक लेन्सवाल्यांना होतो, आपल्याकडे लेन्स जन्मात न लावलेल्या शेतकऱ्यांनाही. काचपट्टीवर दुहेरी भिंतीच्या गाठी दिसतात, औषध पूर्णपणे वेगळं आणि महिनोन्‌महिने चालणारं. मायक्रोस्पोरिडिया या सूक्ष्म परजीवीचा एक प्रकार पावसाळ्यात चिखलपाण्याने होतो. बुबुळावर भरड ठिपके, दिसायला भीतीदायक, पण बहुतेक वेळा आपोआप बरा होणारा. त्याला ओळखलं तर रुग्णाचे पैसे वाचतात. नोकार्डियाचे डाग मण्यांच्या माळेसारखे गोलाकार असतात, त्याला अमिकासिन लागतं.

तुमच्यासाठी यातून एकच काम निघतं. नेमाने थेंब घालूनही आठवड्याभरात आकडा वाढत असेल, तर "औषध बदला" म्हणण्याआधी "पुन्हा नमुना घ्या" म्हणा.

बुबुळ फुटण्याची खूण

अचानक डोळ्यातून कोमट पाणी घळकन ओघळलं आणि ठणका एकदम हलका झाला, तर ते बरं होणं नाही. बुबुळाला भोक पडलं असण्याची शक्यता आहे. कागदी कप लावा, दाबू नका, मलम भरू नका, रात्र असली तरी निघा. भोक बारीक असेल, साधारण दोन मिलिमीटरपर्यंत, तर विशिष्ट गोंद लावून वर लेन्स ठेवता येते. मोठं असेल किंवा जंतू आटोक्यात येत नसेल तर दात्याचं बुबुळ बसवतात. हे बुबुळ आधी डोळा वाचवण्यासाठी असतं, नजरेसाठी नाही. नजरेसाठीचं प्रत्यारोपण जंतू पूर्ण शमल्यावर, काही महिन्यांनी. हा फरक ऑपरेशनआधी कोणी सांगितला नाही तर घरचे नंतर खचतात. ऑपरेशन सरकारी योजनेत बसतं का, हे भरती होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

ही बुबुळं मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत दान केलेल्या डोळ्यांतून येतात. पंखा बंद करायचा, पापण्या मिटवून वर ओला कापूस ठेवायचा, डोकं उशीवर थोडं उंच ठेवायचं आणि नेत्रपेढीला फोन करायचा. चष्मा होता, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, तरीही दान चालतं.

"केस वेगळी आहे, फोटो घेऊ का?"

मोठ्या रुग्णालयात दोनपैकी एक विनंती होऊ शकते. पहिली, चाचणीत सहभागी व्हा. मराठीतलं माहितीपत्रक मागा, घरी न्या, कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या. विचारायचं ते असं: दोन औषधांपैकी मला कोणतं मिळेल हे कोण ठरवतं (बहुतेकदा चिठ्ठी टाकल्यासारखं संगणक ठरवतो), मधेच सोडलं तर नेहमीचा उपचार चालू राहील ना, इजा झाली तर खर्च कोणाचा, आणि नैतिकता समितीचा फोन नंबर कुठला. चाचणी भारताच्या सरकारी नोंदवहीत, सीटीआरआयमध्ये, नोंदलेली असते. ही नोंदणी २००७ मध्ये सुरू झाली आणि २००९ पासून सक्तीची आहे, नोंदणी क्रमांक मागितला तर कोणी नाही म्हणू शकत नाही. नकार दिल्याने उपचार अडत नाही. मी स्वतः रुग्णांना सांगते: घाई करायला लावली तर सही करू नका.

दुसरी विनंती, तुमची केस लिहून छापायची. त्याला वेगळी लेखी संमती लागते, ऑपरेशनच्या सहीत ती येत नाही. अशा नोंदींना हलकं समजू नका. १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियात नॉर्मन ग्रेग या डोळ्यांच्या डॉक्टरने जन्मतः मोतीबिंदू असलेली एवढी बाळं एकदम कशी, असा प्रश्न घेऊन ७८ बाळांची नोंद मांडली आणि गरोदरपणातल्या रुबेलाचा, म्हणजे जर्मन गोवराचा, धोका जगाला कळला. २०२१ मध्ये कोविडनंतर म्युकरमायकोसिसचे, म्हणजे 'काळ्या बुरशी'चे, रुग्ण आपल्याकडे वॉर्डावॉर्डांत दाखल होत होते, तेव्हा देशभरच्या डॉक्टरांनी २,८२६ रुग्णांच्या नोंदी एकत्र केल्या. त्यांतल्या ७८ टक्क्यांना मधुमेह होता आणि ८७ टक्क्यांना स्टेरॉइड दिलेलं होतं.

तात्यांचं बुबुळ औषधाने आवरलं नाही, शहरात बदलावं लागलं. आज त्यांना दोन मीटरवरची बोटं मोजता येतात आणि नजरेच्या ऑपरेशनसाठी नाव लावलेलं आहे. परिषदेत दाखवायला त्यांच्या डोळ्याचे फोटो हवे होते, म्हणून मी संमतीचा कागद वाचून दाखवला: नाव येणार नाही, गाव येणार नाही, चेहरा दिसणार नाही, फक्त डोळा.

"फक्त डोळा?" तात्या म्हणाले. "मग आमच्या गावातल्यांना कळायचं कसं, का ह्यो माझाच हाय?"

"कळू नये म्हणूनच आहे ते."

"न्हाई मॅडम. त्या शेततळ्यात अजून सगळी तोंड धुत्यात."

सही त्यांनी केली. आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायला एक मोठा फोटो, नावासकट, वेगळा मागून घेतला.